पाडव्याचं घमेलं

दिवाळीच्या पाडव्याला उचगावात माणसांपेक्षा म्हशी नटतात, आणि म्हशींपेक्षा त्यांचे मालक. त्यात मी पहिला. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपिसांचा तुरा. मालकानं हाक मारली की म्हशीनं गर्दीतून धावत त्याच्याकडं यायचं. आठ वर्षं माझी गंगी सगळ्यांच्या पुढं पळत होती. 'बाळासोची म्हस' असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगायची. पळायची ती, मिरवायचो मी.

१९७६ साली पाडव्याच्या दोन दिवस आधी गंगीनं वैरण सोडली. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. पुढचा पाय ती टेकेना. खुरांच्या बेचक्यात बघितलं तर कातडं सुटून लाल मांस दिसत होतं. लाळ-खुरकूत. जनावरं राखणाऱ्याला हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

माझी बायको चिमणाबाई म्हणाली, "यंदा ऱ्हाऊ द्या. मळ्यात निऊन बांधा तिला. गल्लीत पसरंल."

"काटा लागलाय," मी म्हणालो.

"काटा तोंडात बी लागलाय व्हय?"

मी आवाज चढवला. खरं बोलणाऱ्याला गप्प बसवायचं तर माझ्यासारख्याकडं दुसरं काय असतं? तुरटीच्या पाण्यानं मी गंगीचं तोंड धुतलं, खुरांत डांबर भरलं आणि पाडव्याला तिला नटवून चौकात नेली.

शेजारची धोंडुबाई तिची म्हैस घेऊन आधीच येऊन थांबली होती. तिचा नवरा केरबा माझा दोस्त. तो गेल्यावर या एका म्हशीवर बाईनं घर चालवलं. रोज पहाटे म्हैस कोल्हापुरात न्यायची आणि दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून द्यायची. महिन्यापूर्वीच म्हैस व्याली होती. रेडकू मादी होतं, म्हणजे पुढची म्हैस घरातच तयार होणार होती. केरबा गेल्यापासून धोंडुबाईचा एक रिवाज होता. पाडव्याला आधी माझ्या म्हशीला ओवाळायचं, तिच्यापुढं भिजवलेल्या सरकीचं आणि गुळाचं घमेलं धरायचं, आणि उरेल ते आपल्या म्हशीला घालायचं.

"आधी भावजींची, मग माझी," ती दरवर्षी म्हणायची. त्या वर्षीही म्हणाली.

गंगीनं घमेल्यात तोंड घातलं. सोललेल्या जिभेनं तिला खाता येईना, नुसती लाळ गळली. तोंड वर काढलं तेव्हा सरकीवर फेस होता. धोंडुबाईचं लक्ष आरतीच्या निरांजनाकडं होतं. तिनं घमेलं उचललं आणि आपल्या म्हशीकडं वळली. 'वैनी, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. पण चौकात सगळं गाव होतं आणि माझी पाळी आली होती. मी पुढं जाऊन हाक मारली. गंगी लंगडत पळत आली. त्याही हालात आली बिचारी, आणि मी तिच्या पाठीवर थाप मारली. त्या हाताची मला अजून किळस येते.

सहाव्या दिवशी धोंडुबाईच्या म्हशीनं लाळ गाळली. आठव्या दिवशी रेडकू आचळाला पिता पिता खाली बसलं ते उठलंच नाही.

जनावरांचा डॉक्टर आला. रोग रेडकाच्या काळजावर गेला, म्हणाला. रेडकू खोल पुरा, म्हणाला. मग विचारलं, "आधी कुणाच्या म्हशीला झालं होतं?"

"आमच्या गल्लीत कुनालाच न्हाय," धोंडुबाई म्हणाली. "ह्या भावजींची तर पाडव्याला पळाली की."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

रेडकू नाही म्हटल्यावर म्हैस पान्हा सोडेना. तिसऱ्या प्रहरी धोंडुबाई माझ्या दारात आली. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून भोत करतात. ते पुढं धरलं की म्हैस त्याला चाटते आणि फसून दूध देते. गल्लीत माझ्या हातचं भोत चांगलं व्हायचं. तिनं रेडकू पुरलं नव्हतं, कातडं काढून ठेवलं होतं.

"तेवढं शिवून द्या, भावजी. ही आटली तर कट्ट्यावर काय न्यायाचं?"

तिच्या गोठ्यात बसून मी ते शिवलं. चार पाय, दोन कान, पोटात पेंढा. धोंडुबाईनं भोत म्हशीपुढं धरलं. म्हशीनं हुंगलं, हंबरली, चाटायला जीभ काढली. जिभेचं साल निघालेलं होतं. केसांना जीभ लागताच तिनं मान मागं ओढली. पुन्हा काढली, पुन्हा ओढली. सड कोरडेच राहिले. मला ते बघवेना.

"वैनी," मी म्हणालो, "गंगीला आधी झालंतं. पाडव्याच्या दोन दिवस आधी."



"मी घमेलं धरलं तवा तुमी बघत हुता?"

"व्हय."

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं भोत खाली ठेवलं आणि म्हशीच्या तोंडाची लाळ पदरानं पुसली.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "आन वाटंतल्या हौदावर हात धुऊ नका. दुसऱ्यांची जनावरं पाणी पित्यात तिथं."