कान दिसतील एवढे आखूड

आल्मुट आत्याच्या गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला आणि वीबकेच्या तोंडचं पाणीच पळालं. मानेवर केसच नव्हते. म्हणजे होते, पण दोन दिवसांच्या दाढीएवढे, दोन बोटं वरपर्यंत, आणि डावीकडे तर त्याहून वर. कुणीतरी तिरक्या हाताने ट्रिमर फिरवला होता.

"आत्या, हे काय गं?"

"तुझ्या एनो काकाने काल केलं, त्याच्या दाढीच्या ट्रिमरने," आत्या खुशीत म्हणाली. "एवढ्या मोठ्या परीक्षेला गबाळी मान घेऊन बसू होय मी? तुझी अब्रू गेली असती."

आता या बाईला म्हणावं तरी काय! फरशी पुसायला बाई यायच्या आधी सगळी फरशी स्वतः पुसून ठेवणारी ही आत्या. केस कापून घ्यायला निघाली, ती केस कापूनच आली.

जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या त्या हॉलमध्ये सहा खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीमागे केशकर्तनाच्या मास्टर परीक्षेला बसलेलं एकेक माणूस; खुर्चीवर ग्राहक म्हणून प्रत्येकाने आपलंच कुणीतरी आणलेलं. वीबके डिट्सुम नावाच्या गावी ओन्केनबाईंच्या सलूनमध्ये अकरा वर्षं राबत होती. गावात सलून ते एकच. ओन्केनबाई डिसेंबरअखेर निवृत्त होणार होत्या. स्वतःचं सलून चालवायला मास्टरचं प्रमाणपत्र लागतं; ते मिळालं तर दुकान वीबकेचं, नाहीतर जागा मोबाइलवाल्याला द्यायचं ठरलं होतं. पुढची परीक्षा थेट वर्षाने. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

नियम असा की कुठला कट करणार, तो या चेहऱ्याला का शोभेल आणि घरी तो कसा सांभाळायचा, हे सगळं कागदावर आधी लिहून द्यायचं. वीबकेने आठ दिवसांपूर्वीच लिहून दिलं होतं. हनुवटीपर्यंतचा बॉब, मानेवर मऊ उतरणारा, कान झाकलेले. आत्याचा चौकोनी जबडा त्याने सौम्य दिसला असता. आता मानेवर उतरायला केस आणायचे कुठून? वरचे लांब ठेवून खालचं टक्कल झाकलं, तर डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसणार.

"काही अडचण?" परीक्षक हिल्मर्सबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी मान पाहिली आणि भुवई वर केली. "हे तुम्ही केलंत?"

"नाही बाई. घरी झालंय."

"मग कात्री लावायच्या आधी कागद बदला. ग्राहकाची सही हवी. सही नसेल तर तुमचं आज इथंच संपलं. दहा मिनिटं देते."

वीबकेने आत्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आरशात पाहिलं. उत्तर एकच होतं. मागून अगदी बारीक, बाजूला कानावरून मोकळं, वर टाळूला थोडी उंची आणि कपाळावर तिरकी झुलपं. जबडा रुंद असला तरी नजर वर डोळ्यांकडे जाईल. खरं तर बॉबपेक्षाही हे शोभलं असतं. पण कान!

आत्याच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती. ऐकू कमी यायला लागल्याला सहा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट तीनच माणसांना ठाऊक होती: एनो काका, वीबके आणि डॉक्टर. चर्चमधल्या गायनमंडळात आत्या पहिल्या रांगेत उभी राहायची. यंत्रं दिसली की आपल्याला गाण्यातून काढून बाकावर बसवतील, ही तिची भीती. वारा सुटला की ती केसांवर हात दाबून चालायची.

वीबकेने नवा कागद भरला. आत्याचा चष्मा समोरच्या फळीवर होता. चष्म्याशिवाय तिला स्वतःची सहीसुद्धा नीट दिसायची नाही.

"कान झाकलेले राहतील ना गं?" पेन हातात घेत आत्याने विचारलं.

नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. आत्या एकदा डोळे मिटून बसली की तासभर हलायची नाही, आणि कळेपर्यंत केस जमिनीवर पडलेले असते. वीबकेच्या जिभेवर 'हो' आलंसुद्धा. मग स्वतःचीच तिला किळस आली.

"नाही, आत्या. दिसतील. दोन्ही दिसतील."

आत्याने पेन खाली ठेवलं. "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं तेव्हा तुझ्या मानेवर केस होते!" वीबकेचा आवाज चढला. शेजारच्या खुर्चीवरची बाई वळून पाहू लागली. तशी वीबके हळू आवाजात म्हणाली, "तुला नको असेल तर नको. मी बाईंना सांगते. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी दुकान असेल का?"

"नाही."

आत्याने मानेवरून हात फिरवला. दहातली किती मिनिटं उरली होती कुणास ठाऊक. पलीकडे हेअर ड्रायर सुरू झाला. हिल्मर्सबाई घड्याळ बघत इकडेच येत होत्या.

"एनोला म्हटलं होतं मी, डावीकडे पुरे," आत्या पुटपुटली. तिने फळीवरचा चष्मा ओढून घेतला, कागद ओळ न् ओळ वाचला आणि सही केली. मग दोन्ही यंत्रं कानांतून काढून वीबकेच्या तळहातावर ठेवली. "काप. पण संपेपर्यंत मला आरसा दाखवू नकोस." आणि तिने डोळे मिटून घेतले.

आता बोलायची सोय नव्हती. केस धुवून वीबकेने मागून सुरुवात केली. एनो काकांनी केलेली तिरकी रेघ मोडायची, तर डावीकडे अर्धं बोटभरही जागा नव्हती. कंगव्यावरून ती सावकाश कात्री चालवत होती. कात्री एकदा जरी चुकली असती, तरी कातडी दिसली असती. रेघ विरघळली. उजवा कान मोकळा झाला, मग डावा. टाळूवर आत्याला जोड भोवरा होता, तिथले केस ओले असताना शहाण्यासारखे बसतात आणि वाळले की उभे राहतात. वीबकेने तिथे कात्री लावलीच नाही. आधी वाळवलं, भोवरा कुठे उसळतोय ते पाहिलं आणि मग सुक्यावरच टोकं हलकी केली.

आत्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. वीबकेने ते केस झाडायच्या ब्रशनेच पुसलं. तिला स्वतःलाही रडू येत होतं, पण हात थांबवून चालणार नव्हतं.

"वेळ संपली," हिल्मर्सबाई म्हणाल्या. त्यांनी मानेवरून अंगठा फिरवला, टाळूवरचे केस उलटे विंचरून सोडून दिले, ते जागच्या जागी बसले. बाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. "ग्राहकाला विचारायचंय. बाई, कट पसंत आहे?"

आत्या ढिम्म.

"बाई?"

सगळ्या हॉलचं लक्ष इकडे. वीबकेने आत्याच्या खांद्याला हात लावला आणि खिशातली यंत्रं तळहातावर घेऊन पुढे केली. आत्याने डोळे उघडले, चष्मा लावला, आरशात पाहिलं आणि उघड्या कानांवरून बोट फिरवलं. मग तिने एक यंत्र उचललं आणि सगळ्यांदेखत कानात घातलं. दुसरंही घातलं.

"बोला," ती म्हणाली. "आता ऐकू येतंय."

"घरी कसा सांभाळाल हा कट?"

"धुवायचं, बोटांनी पुढे ओढत वाळवायचं. कागदावर लिहिलंय, मी वाचून सही केलीय." आत्या ताठ बसली. "आणि एनोचा ट्रिमर लपवून ठेवायचा."

"दर पाच आठवड्यांनी ट्रिम लागेल. जाल?"

"ते मी काय सांगू? पाच आठवड्यांनी जानेवारी लागतो. तेव्हा दुकान आमच्या वीबकेचं असेल, नाहीतर तिथे मोबाइल विकत असतील. आता हे कान उघडे टाकलेत हिने, ते घेऊन मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. तुम्हीच सांगा, जाऊ का?"

वीबकेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हिल्मर्सबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"निकाल चार वाजता लागेल," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "जानेवारीतली वेळ मात्र आजच घेऊन ठेवा. नव्या मालकिणीकडे गर्दी असते."