पाणी नाकारणाऱ्या बाईचं तसराळं

मित्रांनो, मी सांगणार आहे ते तुम्हाला मुळीच खरं वाटणार नाही. नका मानू, पोरांनो! मी मात्र खरंच सांगणार.

मी एक जुनं तामचिनीचं तसराळं आहे. आज या दवाखान्याच्या मागच्या अंगणात कोंबड्या माझ्यातलं पाणी पितात, म्हणून मला हलकं समजू नका. विलायतेत माझा जन्म झाला. खुद्द राणीसाहेबांनी माझ्यात पाय धुतले होते! मग आगबोट, मग आगगाडी, चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्यात उतरलो. स्टेशनावर माझ्यासाठी बँड वाजला.

इथे मी नर्स कुंदाबाईंच्या हाताखाली लागलो. त्या मला रोज उकळत्या पाण्याने धूत. जखमा धुणं, पट्ट्या भिजवणं, सारं माझ्यातच. 'तसराळं लखलखतंय हं,' असं मोठे डॉक्टर म्हणत. निदान एकदा तरी म्हणाले होते.

एकतीस साली दोंडाईच्याकडून सुपडू नावाचा शेतकरी बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. सुंदरबाईच्या आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरांनी पोट फाडून तो सोडवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती शुद्धीवर आली आणि पाणी मागू लागली. सुपडूने तांब्या उचलला. कुंदाबाई आडव्या आल्या.

"दादा, आज थेंबही नको. उलटी झाली तर टाके उसवतील, जीव जाईल. ओला कापूस ओठांना लावते मी. उद्या स्वतः पाजीन."

सुपडूच्या गावात दारी आलेल्या चोरालाही आधी पाणी देत. पाणी नाकारणारं माणूस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मनी बायको पानी पानी करी ऱ्हायनी, आन तू नही म्हनस? दुश्मनले बी पानी देतस आम्ही! सरक!"

"नाही सरकणार."

त्याने हात उगारला. आणि मित्रांनो, इथे माझा पराक्रम! मी टेबलावरून आपणहून उडालो. छताला लागलो, दोन गिरक्या घेतल्या आणि दाणकन सुपडूच्या मनगटावर आदळलो. एकोणीस खाटांवरचे रोगी टाकेबिके विसरून उभे राहिले. त्यांची माणसं काठ्या घेऊन धावली. सुपडू कुंदाबाईंच्या पायांवर लोळला. त्या दिवसापासून इथे नर्सबाईंवर कोणी हात उगारला नाही. तेव्हा मित्रांनो, आपली काळजी घेणाऱ्यांची आपणही...

"चूप रे, खोटारड्या!"

धुण्याच्या दगडावर चादरी आपटणाऱ्या भिकुबाईने हात थांबवला. ती इथली सगळ्यात जुनी आया.

"बठ्ठं खोटं शे, पोरंहो. हे उडनंबिडनं काही नही. सुपडूनी याले उचलं आन बाईना कपाळवर हानं."

मुलं माझ्याकडे बघू लागली.

"मंग?" एका मुलीने विचारलं.

"मंग काय! बाईनी एका हातनी रगत दाबं, दुसरा हातनी तांब्या धरी ठेवा. सोडा नही. म्हनीसन सुंदरबाई वाचनी."

"आन बाकीना लोके?"

भिकुबाईने चादर पिळली, झटकली.

"एकोणीस खाटा व्हत्यात. खाटखाटले मानसं व्हतात. कोनी उठनं नही." तिने पुढची चादर ओढली. "मी दारमाच व्हती. मना बी पाय उचलना नही."