उलट्या खुर्चीतली दहा मिनिटं

सुनावणी उद्यावर आली होती आणि वकीलबाईंचा युक्तिवाद तोंडपाठ होता. तरी कचेरीचा रिवाज त्या चुकवत नसत. आदल्या दिवशी दहा मिनिटं विरुद्ध पक्षाच्या खुर्चीत बसून त्याच्या बाजूनं भांडायचं, आणि तेही एकाही कलमाचं नाव न घेता.

त्यांचा अशील दोघा भावांतला थोरला. वडिलांचं सुतारकामाचं दुकान पाडून त्याला नवं बांधायचं होतं आणि धाकटा दावा लावून हटून बसला होता.

"दुकान पाडायचं नाही!" बाई धाकटा होऊन गरजल्या.

"का?" कारकुनानं विचारलं.

कलमाविना जीभ अडली. नजर फायलीतल्या फोटोंवर गेली. प्रत्येक फोटोत धाकटा वडिलांच्या रंधा मारायच्या बाकाला टेकून उभा!

"दुकान गेलं खड्ड्यात, मला बाबांचा बाक हवाय!" बाई ताडकन उठल्या.

त्यांनी लगेच धाकट्याच्या वकिलाला फोन केला. त्यानं धाकट्याला विचारून पाच मिनिटांत कळवलं, "बाई, अचूक ओळखलंत! बाक द्या, दावा मागे घेतो."

बाईंनी उड्या मारतच थोरल्याला फोन लावला.

"बाक? आत्ता नेऊ दे! पण गाढवानं मला सांगितलं का नाही?"

बाईंची उडी तिथंच थांबली. फायलीत पहिलाच कागद त्यांनीच धाकट्याला धाडलेल्या नोटिशीचा होता: 'माझ्या अशिलाशी परस्पर बोलू नये.'