हात न लावायचं सोनं

"किती तोळे?" अंथरुणावरून हरिदासजींनी विचारलं.

"दोन किलो, बाबूजी. सोनं आन् प्लॅटिनम मिळून," हेमराज म्हणाला.

पुलगावच्या सराफी दुकानामागच्या त्या खोलीत थोरल्या सदाशिवरावांनी मान वर केली. त्यांच्या दुकानात एवढं सोनं एकदम कधी आलंच नव्हतं. आणि बाबूजींनी 'हातात कसब नाई' म्हणत भट्टीपासून उठवून ज्याला शाळेत हाकललं, तो धाकटा भाऊ हेमराज इटलीत बसून सोन्याचे ठोकळे अधांतरी ठेवत होता.

२००४च्या दिवाळीला तो घरी आला होता. हेमराज समजावून सांगू लागला. फार दूर दोन काळे तारे एकमेकांवर आदळले की सगळं अवकाश इवलंसं हेलकावतं. तो हेलकावा मोजायला यान पाठवायचं. यानात पेटी, पेटीत ठोकळा. त्याला कुणाचा धक्का लागता कामा नये. तो जरा जवळ आला की पेटीनंच मुकाट्यानं बाजूला सरकायचं. तो जवळ आल्याचं पेटीला कळवणारं यंत्र हेमराज बनवत होता.

"ठोकळा हाय का जावई?" चहा देताना शोभाबाईंनी विचारलं. सदाशिवराव बऱ्याच दिवसांनी बायकोवर खूश झाले.

बाबूजी मात्र हसले नाहीत. लकवा मारल्यापासून ते जेमतेम बोलत. आज चकाकी कशानं देता, कोपरे कसे राखता, विचारतच राहिले. सदाशिवरावांना राहवेना. दुकानातून ते आपला नवा गोफ घेऊन आले आणि सहजच आणल्यासारखा बाबूजींच्या धडक्या हातात ठेवला. म्हाताऱ्यानं कड्यांच्या जोडावरून अंगठा फिरवला.

"टाका जड पडला," ते म्हणाले, आणि पुन्हा ठोकळ्याकडे वळले.

थोड्या वेळानं त्यांची पाठ दुखू लागली. कूस बदलून द्यायला हेमराज उठला.

"तू बस. तुले नाई जमत. सद्या, ये."

सदाशिवराव आले, उगाचच सावकाश, भावाच्या अगदी समोरून. काखेत हात घालून त्यांनी बाबूजींना उचललं. म्हाताऱ्याचा गाल त्यांच्या खांद्यावर टेकला. आता काहीतरी बोलणार, हे सदाशिवरावांना श्वासावरून कळलं.

"हेमराज जेवला काय रे?" बाबूजींनी कानात विचारलं.

"जेवला."

त्यांनी बाबूजींना हळूच दुसऱ्या कुशीवर निजवलं आणि पाठीखालची चादर ताणली. एकही सुरकुती राहू दिली नाही.