डोली जोडलेली फटफटी

ओटीवर इंजिन आणि ओटीखाली आवडी, असे भांडण सकाळपासून चालले होते. इंजिनाने तोंड उघडले नसल्यामुळे ते आवडीलाच एकटीने पुढे न्यावे लागत होते. तिचे म्हणणे असे, की उकडलेले भात जिथे वाळत घालायचे तिथे काळे तेल सांडले आहे आणि सासूला दिसत नसल्यामुळे ती त्यात पाय देऊन घरभर फिरली आहे. तिच्या नवऱ्याने, हैबतीने, ते सगळे ऐकून घेतले आणि पान्याने एक नट आणखी घट्ट केला.

हैबती बरीच वर्षे मुंबईला एका मोटारींच्या गॅरेजात फिटरच्या हाताखाली होता. तिथे कोणा साहेबाची खांबावर आपटलेली फटफटी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. मालकाने एकदा वैतागून म्हटले, नेतोस तर ने. हैबतीने ती सुटी केली आणि जसजसा गावी येत गेला तसतशी आणली. दासगाव बंदरापर्यंत बोटीने, तिथून पोलादपूरपर्यंत बैलगाडीने आणि पुढे डोक्यावरून. करंजकोंड पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कडेला होते आणि वाडीत जे काही येई ते पायवाटेने डोक्यावरूनच येई. मीठ, कौले, घासलेट, सगळेच. त्यामुळे पोत्यातून इंजिन आले याचे कोणाला विशेष वाटले नाही. जुळवल्यावर ती खाली कशी न्यायची, हा प्रश्नही त्यामुळेच कोणाला सुचला नाही.

जुळवण्याचे कारण बयाबाई. हैबतीच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि कमरेतून ती अधू होती. माघात महाडच्या दवाखान्यात डोळे कापणारा डॉक्टर येणार होता आणि आठवडाभर राहून जाणार होता. वाटेने न्यायची तर डोली हवी. डोलीला चार खांदे आणि बदलीला चार. वाडीतले निम्मे खांदे मुंबईला गिरण्यांत होते. उरलेल्यांकडे हैबती दारोदार जाऊन आला. दिवस शेत भाजायच्या राबासाठी झाडांची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचे होते, म्हणून बहुतेकांना फुरसत नव्हती. चांगूच्या पाठीत कळ भरली होती. सहदेवाने म्हातारीला आता बघायचे तरी काय राहिले आहे असे विचारले, आणि तो प्रश्न कुचेष्टेचा नव्हता. त्याला खरोखरच कुतूहल होते. हैबती रागाने घरी आला तो माळ्यावरची डोलीच खाली उतरवून तिला चाक लावायचे ठरवून.

मोडतोड भरून काढायला वाडीत जे होते ते त्याने घेतले. पेट्रोलची टाकी घासलेटच्या डब्याची झाली. मागच्या टायरची नळी फाटलेली होती, म्हणून त्यात भाताचा पेंढा ठासून भरला. इंजिनापासून चाकापर्यंतचा चामडी पट्टा पोलादपुरात म्हशीच्या कातड्याचा शिवून घेतला. हँडलचा एक दांडा खांबाने गिळला होता. तो कुशाबा सुताराने ऐनाच्या लाकडाचा घडवला. त्याच्या हाताला सवय नांगराच्या रुमण्याची असल्यामुळे तो दांडा रुमण्यासारखाच झाला आणि फटफटी डावीकडे वळवताना ढेकळे फोडल्यासारखे वाटू लागले. शेजारी एका जादा चाकावर डोली बसवली.

इंजिन दोन लाथांना सुरू झाले नाही. तेव्हा चांगूने नारळ आणून फोडला आणि तिसऱ्या लाथेला ते सुरू झाले. पहिल्या दोन लाथांनी पेट्रोल वर खेचले गेले होते, हे हैबतीने समजावून पाहिले. लोकांनी ते सभ्यपणे ऐकले आणि खोबरे वाटून खाल्ले.

वाटेची रुंदी हैबतीने फटफटीएवढा बांबू तोडून आधीच मापली होती. बांबू सगळीकडून पार गेला. पायऱ्या मात्र त्याने मोजल्या नाहीत. ज्या वाटेने माणूस जन्मभर चढतो-उतरतो तिच्यात पायऱ्या आहेत हे पायांना ठाऊक असते, माणसाला नसते. ठरल्या दिवशी बयाबाईला डोलीत बसवून, सगळी वाडी मागे घेऊन फटफटी निघाली आणि आंब्याखालच्या पहिल्याच कातळावर पुढचे चाक खाली, मागचे वर, अशी अडकून बसली.

मग कुशाबा म्हणाला, उचलू या. बांबू आले, दोर आले. हात लावायला इतके जण पुढे झाले, की काहींना मागे सारावे लागले. पाठीत कळ असलेला चांगू इंजिनाच्या बाजूला, म्हणजे जड बाजूला, भांडून गेला. हैबतीने आईला म्हटले, तू उतर, ओझे कमी होईल.

"मी नाय उतरत," बयाबाई म्हणाली. "चार मान्सं मिळत नव्हती ना रं तुला? आता मोज."

"आये, दहा-बारा हायती."

"मला आवाज कळतात. ज्याला कवळ तोडायची होती तो हाय, पाठवाला हाय, आन् मला काय बघायचं राह्यलंय म्हननारा पन हाय."

"हितंच हाय, काकी," सहदेव बांबूखालून म्हणाला. "पाय आत घ्या."

फटफटी अशी पोलादपूरपर्यंत गेली. प्रत्येक उतारावर कोणी ना कोणी हॉर्न वाजवत होते. सडकेला लागल्यावर हैबतीने इंजिन सुरू केले आणि आईला महाडला नेले. डॉक्टरने डोळे कापले, तो गेल्यावरही दवाखान्याने पट्ट्या बांधून पुष्कळ दिवस हलू दिले नाही, आणि पट्ट्या काढून घरी सोडताना बजावले, की वाटेत हादरा बसता कामा नये.

म्हणून परतताना हैबतीने पोलादपुरात ओळखीच्या दुकानदाराकडे इंजिन उतरवून ठेवले. चढणीला ते कामाचे नव्हते. होते ते निव्वळ वजन, आणि वजनाने खांदे डगमगले की हादरा बसणार. रिकाम्या जागेवर त्याने घोंगडी घट्ट बांधली. निरोप गेला होता, त्यामुळे वाडीची माणसे सकाळीच खाली येऊन बसली होती. ती फटफटीला खांदा द्यायला आली होती. नुसती डोली दिसली असती तर किती जण थांबले असते, याची परीक्षा घेण्याची हैबतीची इच्छा नव्हती.

चढणीवर चांगूने शोध लावला, की उतरतानापेक्षा आता ती हलकी लागते. कुशाबाने विचार करून सांगितले, की पेट्रोल संपले असेल. हैबतीने मान डोलावली. सहदेवाने हॉर्न वाजवला.

बयाबाई डोलीत बसून आजूबाजूला बघत होती. तिने रुमण्यासारखा दांडा पाहिला, डब्याची टाकी पाहिली. मग वाकून घोंगडीचे टोक उचलले.

"हैबत्या," ती म्हणाली, "हिचं मशीन कुठं रं?"

खांदेकरी धापा टाकत होते. कोणी ऐकले नाही. हैबती डोलीजवळ आला.

"आये, डोळं मीट जरा. डाक्तरनं वारा लागू देऊ नको म्हनून सांगितलंय."

बयाबाईने डोळे मिटले नाहीत. तिने घोंगडीचे टोक खाली खोचले आणि पुढच्या बांबूला लागलेले खांदे, मान पुढे काढून, एकेक करून बघत राहिली.