शकुनाचा दात

शिवांजलीचे पुढचे दुधाचे दात पडले. उजवीकडचा मोठा दात नीट आला. डावीकडं मात्र खिळ्याच्या टोकासारखा एक बारीक, अणकुचीदार दात उगवला. पोरगी तेव्हा दुसरीत होती. त्याच आठवड्यात तिच्या आजोबांच्या, नाथाजी हवालदारांच्या उसाला तोड आली, तीही सगळ्या शिवाराच्या आधी. तोडीचा नंबर लावणारा कारखान्याचा माणूस त्यांच्या मेहुण्याचा जावई होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण हवालदारांनी ठरवलं, तोड दातामुळं आली. सरहद्दीवर वर्षानुवर्षं पहारा देऊन आलेला माणूस नातीच्या हिरडीपुढं सपशेल शरण गेला.

मी शेजारची मंगल. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच, त्यामुळं पुढचं सगळं मला कान न लावताही ऐकू आलं.

कुणाची मुलाखत असो, कुणाचं सोयरीक बघायला जाणं असो, आधी हवालदारांच्या दारात यायचं. "शिवा, हस की गं जरा." पोरगी हसायची, माणूस नमस्कार करून वाटेला लागायचा. एकानं तर म्हैस विकायला नेताना म्हशीलाही तो दात दाखवून नेलं. म्हशीला काय दिसलं कुणास ठाऊक, पण भाव बरा आला, आणि दाताचं नाव पार पलीकडच्या गावापर्यंत गेलं.

शाळेत पोरं तिला 'सुळकी' म्हणायची. घरी ती देवी, शाळेत सुळकी. हळूहळू ती तोंडावर हात धरून बोलायला लागली. मला त्या पोरांपेक्षा हात जोडणाऱ्या मोठ्यांचाच जास्त राग यायचा.

तिची आई क्रांती शहाणी बाई. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब. ती एकटीच पोरीला घेऊन सांगलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. फोटो काढला तेव्हा कळलं की हा दात जास्तीचा आहे आणि खरा मोठा दात त्याच्या वर हाडात अडकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आत्ता काढला तर वरचा बहुतेक आपला आपण उतरेल. उशीर केलात तर तो वरच फिरेल, मग त्रास वाढेल."

क्रांतीनं घरी येऊन हे सासऱ्यांना सांगितलं.

"मामा, पुढच्या हप्त्यात काढून घेऊया."

"खुळी का काय तू? विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आलीया, मी उभा ऱ्हाणार हाय. एवढी हून जाऊ दे, मग काढू."

"आवं, पोरीचा खरा दात अडकलाय त्याच्यापायी."

"अडकलाय तर पळून जात न्हाई."

निवडणूक आज होईल, उद्या होईल करत पुढं ढकलली गेली. कधी मतदारयादीवर हरकत, कधी वरून स्थगिती. वर्ष गेलं. शिवांजली तिसरीत गेली, तिच्या वर्गातल्या पोरींचे पुढचे दात पुरते आले, हिच्या तोंडात तोच खिळा. क्रांती फोनवर नवऱ्याजवळ रडली, तर तो म्हणाला, आबांना विचारून कर. सीमेवर गोळी झेलायला तयार असलेला गडी, पण बापापुढं तोंड उघडायचं म्हणजे त्याचा पार घसा बसतो.

अखेर निवडणूक लागली. चेअरमनपदावर डोळा ठेवून हवालदारांच्या समोर गावातलाच आकाराम उभा. मतदानाच्या आदल्या दिवशी आकाराम शाळेच्या वाटेवर शिवांजलीला भेटला, चॉकलेट दिलं आणि म्हणाला, "हस बघू." पोरगी हसली. तिला कुठं माहीत, चेअरमन कुणाला करायचाय ते.

हवालदार पडले. लोकांच्या लग्नात एका पंगतीलाही न थांबणारा माणूस पडायचाच, पण तसं म्हणायची सोय नव्हती. आकारामनंही शकुन घेतल्याचं गावभर झालं होतं, दोष दाताला लागला.

"फितूर हाय त्यो," हवालदार गरजले. "चल गं क्रांती, उद्याच्या उद्या काढून टाकू."

वर्षभर जे आईच्या रडण्यानं झालं नाही, ते एका पराभवानं झालं. सकाळी जीपमध्ये हवालदार पुढं बसले, मागं आम्ही तिघी. क्रांतीनं मला सोबत ओढलं होतं. वाटेत हवालदारांनी आपला बेत सांगितला. काढलेला दात ते आकारामच्या उंबऱ्याखाली पुरणार होते. वर्षाच्या आत त्याची खुर्ची जाणार, याची त्यांना खात्री होती.

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मोठा दात आडवा फिरलाय," त्या म्हणाल्या. "हा काढते, थोडे महिने वाट बघू. पण तो आपणहून उतरेलसं वाटत नाही. मग हिरडी उघडून, त्याला बटण चिकटवून तारेनं खाली ओढावा लागेल. दोनेक वर्षं जातील. गेल्या वर्षी आला असतात तर…"

क्रांतीनं खुर्चीची कड घट्ट धरली. हवालदारांनी विचारलं, "दात मिळंल न्हवं आमाला?"

मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याची लाज वाटली, आणि आजही वाटते.

इंजेक्शन दिलं, दात निघाला. शिवांजलीच्या डोळ्यांतून पाणी गळालं, पण ती रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी दात धुऊन कापसावर ठेवला. हवालदारांनी खिशातून रुमाल काढून पसरला. तेवढ्यात तोंडात बोळा धरलेली पोरगी उठून बसली, तिनं कापसावरचा दात उचलला आणि मुठीत धरला.

"दे बाळ, आबाला दे."

तिनं मान हलवली.

"आगं, मोठं काम हाय त्याचं. तू काय करणार त्येला घिऊन?"

शिवांजलीनं बोळा गालात सरकवला. बधिर ओठांतून शब्द जड येत होते, पण सगळ्यांना नीट ऐकू आले.

"काय बी न्हाई. माजा हाय."