होडीसमोरचं घर

आमच्या बंदरातलं सगळ्यांत मोठं घर इवाओ आणि तोकिए यांचं आहे, आणि ते दोघं राहतात त्या घरासमोर धक्क्याला बांधलेल्या होडीत. इवाओने ऐंशी ओलांडली, तोकिए ऐंशीच्या अलीकडे. मासेमारी सोडूनही आता काही वर्षं झाली. घराला दोन मजले, काळी चकचकीत कौलं, वर समुद्राकडे तोंड केलेल्या खिडक्यांची रांग. होडीची केबिन जेमतेम तीन चटया मावतील एवढी. उभं राहिलं की इवाओचं डोकं वर आपटतं, म्हणून आत असताना तो उभाच राहत नाही.

बेटावर याचं कुणाला फारसं नवल नाही. इथली जोडपी अशीच जगली. नवरा गळ टाकणार, बायको सुकाणू धरणार, आणि वर्षातला बहुतेक काळ त्सुशिमा, गोतो अशा दूरच्या बेटांकडे, जिथे मासा लागेल तिथे. घरं बांधली ती नवीन वर्षासाठी आणि उन्हाळ्यातल्या ओबोन सणासाठी. पितर घरी येतात त्या दिवसांत आपणही घरी असावं म्हणून. म्हातारपणी बाकीच्यांनी होड्या विकल्या आणि ते वर राहायला गेले. इवाओनेही एक हिवाळा वर काढायचं ठरवलं होतं. आठवड्याभरात गादी बगलेत मारून तो परत खाली आला.

"काय झालं रे?" शेजारच्या मासुओने विचारलं.

"छप्पर हलत नाही. मेल्यासारखं वाटतं."

"थोडी साके घे. हलेल."

तोकिएची अडचण वेगळी होती. होडीत एका जागी बसून तिच्या हाताला सगळं लागायचं: शेगडी, तांदूळ, सुरी, नवऱ्याचा चष्मा. घरात ती स्वयंपाकघरातून निघून खोलीत पोचायची आणि कशासाठी आलो तेच विसरायची. तेव्हापासून घर अंघोळीला आणि कपडे वाळवायला. संध्याकाळी अंघोळ करून दोघं ओल्या केसांनी खाली उतरायची.

सकाळी तोकिए भात आणि मिसोचं सार करते, तोवर इवाओ तळात साचलेलं पाणी उपसतो. मग डेकवर उभा राहून आभाळाकडे बघतो.

"दक्षिणेचा वारा. दुपारनंतर वाढेल."

"कुठे जायचंय तुम्हाला?" तोकिए आतून विचारते.

"कुठे नाही."

"मग वाढू दे. जेवायला या."

वसंतात ओकुबो आला. गावातली रिकामी घरं शहरातल्या लोकांना मिळवून देतो तो. पूल झाल्यापासून त्याचा धंदा बरा चालतो. ओसाकाचं एक तरुण जोडपं होतं, लहान मुलगी होती, संत्र्यांची बाग करायची होती. घर त्यांनी बाहेरून पाहिलं होतं आणि पसंत केलं होतं.

"देऊन टाक," इवाओ म्हणाला.

"ओबोनपर्यंत थांबा," तोकिए म्हणाली.

कशासाठी थांबायचं ते इवाओला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा शिगेकि कुरेच्या गोदीत जहाजांचे नकाशे काढण्याच्या कामावर होता आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. कुरे बसने तासाभराच्या अंतरावर. तो येऊन या घरात राहिला तर आपणही वर जाऊ, तिघं एका छपराखाली राहू, असं तोकिएच्या मनात होतं. झोप येवो न येवो. मुलगा सहा वर्षांचा झाल्यापासून ती त्याच्यासोबत सलग महिनाभरही राहिलेली नव्हती.

सहाव्या वर्षी शाळा लागते. तोवर मुलं होडीतच वाढायची, कमरेला दोरी बांधून. शाळा लागली की ज्यांचे आजी-आजोबा बेटावर होते ती त्यांच्याकडे, आणि नव्हते ती शाळेखालच्या वसतिगृहात. शिगेकिचे आजी-आजोबा नव्हते. घर बांधलं तेव्हा तो चौथीत होता. तरी वसतिगृहातच राहिला, कारण घरात राहणारं कुणी नव्हतं.

एरवी शिगेकि ओबोनला सकाळच्या बसने यायचा, कबर धुऊन, उदबत्ती लावून संध्याकाळी परत जायचा. यंदा तोकिएने फोन करून दोन रात्री राहायला सांगितलं. "बरं, आई," तो म्हणाला. त्याची बायको तिच्या माहेरी जाणार होती.

तोकिएने सगळ्या खिडक्या उघडल्या, गाद्यांना ऊन दिलं, चटया पुसल्या. इवाओला म्हणाली, "दोन रात्री मी वर झोपणार आहे."

"झोप ना."

"तुम्हीही या."

"मी रात्रभर तळमळणार आणि तो समजणार, बाप आजारी आहे. तूच जा. विचारायचंय ते तुलाच."

शिगेकि आला. डोक्यावरचे केस विरळ झालेले, हातात मिठाईचा खोका. खोका त्याने दोन्ही हातांनी आईला दिला, यजमानाला देतात तसा. बापाला भेटायला धक्क्यापर्यंत गेला आणि काठावरूनच बोलला.

"बरे आहात ना, बाबा?"

"बरा आहे. ये की आत."

"नको. मला होडी लागते. बंदरात बांधलेली असली तरी."

"होडीत जन्मलास आणि होडी लागते?" इवाओ हसला. शिगेकिही हसला. मग दोघांनी मिळून वाऱ्याबद्दल बोलून घेतलं.

तोकिएने त्या रात्री तांबोशी घालून भात केला. शिगेकिने पोटभर खाल्लं, छान झालाय म्हणाला, आणि ती उठायच्या आत आपला वाडगा आणि काड्या नळाखाली धुऊन उपड्या घातल्या.

"ठेव रे तिथे. मी आहे ना."

"झालंच, आई."

मग दारात उभं राहून त्याने विचारलं, "अंघोळीला जाऊ का?"

"स्वतःच्या घरात विचारतोस काय?"

"सवय," तो म्हणाला, आणि तरीही ती 'जा' म्हणेपर्यंत थांबला. सकाळी ती उठली तेव्हा त्याची गादी टोकाला टोक जुळवून घडी घातलेली होती, वर उशी, उशीवर घडी केलेला टॉवेल. खोलीत कुणी झोपलं होतं असं वाटत नव्हतं. तोकिए स्वतः डोळ्याला डोळा न लागता पडून होती. मुलगा भिंतीपलीकडे झोपलाय, एवढ्यावर तिने रात्र काढली. सकाळी नाश्त्याला विचारू, असं तिने ठरवलं होतं. नाश्त्यावर त्याने तिला गुडघ्यांबद्दल विचारलं, औषधाबद्दल विचारलं, आणि तेवढ्यात सार संपलं. कबरीवर विचारू म्हणाली, तर तिथे मासुओ आणि त्याची सून होती.

दुपारी शिगेकि घरात नव्हता. तोकिए होडीकडे गेली.

"इकडे आला होता?"

"नाही. शाळेच्या बाजूला जाताना दिसला," इवाओ म्हणाला. "विचारलंस?"

"विचारते ना. सारखं काय?"

"मी एकदाच विचारलं."

शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिच्या खालच्या अंगाला वसतिगृहाची लाकडी इमारत अजून उभी आहे. दाराला कुलूप, व्हरांड्यावर वेलींचं जाळं. तोकिए चढ चढून पोचली तेव्हा शिगेकि दारातले वेल उपटत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, पायाशी विळा, बाजूला तण रचलेलं. ते रचलेलं पाहून वाटत होतं की हे काम तो दरवर्षी करत असावा.

"कुणी सांगितलं रे तुला हे करायला?"

"कुणी नाही. दार दिसेनासं होतं." त्याने घाम पुसला आणि वरची खिडकी दाखवली. "ती तिसरी माझी. आम्ही चौघं होतो. मासुओकाकांचा मधला मुलगाही आधी इथे होता, मग त्याची आई बेटावर राहिली तेव्हा तो घरी गेला. त्या रात्री आम्ही त्याच्याशी कुणीच बोललो नाही." तो हसला. "गाढव होतो."

एवढी वाक्यं तो दोन दिवसांत सलग बोलला नव्हता. तोकिए पायरीवर बसली. तो बोलत राहिला. स्वयंपाकघर कुठे होतं, अंघोळीची पाळी कशी असायची, वाडगा नीट धुतला नाही तर हिदेकाकू तो कसा नाकाला लावून बघायची. हिदेकाकू म्हणजे तिथे मुलांना सांभाळणारी बाई.

"वादळाचा इशारा आला की काकू रेडिओ बंद करायची," तो म्हणाला. "आणि आम्हाला खाली बोलावून पत्ते वाटायची. मोठी मुलं ओळखायची. छोट्यांना वाटायचं, काकू खूश आहे आज."

"तू ओळखायचास?"

"तिसरीपासून."

तोकिएला त्या बाईचा चेहरा नीट आठवेना. ओबोनला बंदरात आलं की तोकिए वसतिगृहाच्या कुंपणापाशी यायची, कुंपणावरून काकूला सुक्या वाकट्यांची जुडी द्यायची, 'फार त्रास दिला असेल याने' म्हणायची, आणि मुलाला घेऊन निघायची. एवढीच ओळख.

"गेली असेल ना आता ती?"

"नाही. कुरेला असते, वृद्धाश्रमात. मी जातो महिन्यातून एकदा."

"महिन्यातून?"

"कधी दोनदा. तिला आता कुणाचं नाव आठवत नाही. पण मी गेलो की 'हात धुतलेस का' विचारते."

"मला कधी बोलला नाहीस."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं, आई?"

तो सहज बोलला होता. तोकिएने आपल्याजवळची एक आठवण काढली. बंदरातल्या सगळ्या बायकांनी ती तिच्या तोंडून ऐकलेली आहे.

"तू ओबोनला होडीत आलास की पहिल्या रात्री रडायचास. फळीकडे तोंड करून. मी बाबांना म्हणायचे, बघा, वर्षभराचं साठवून ठेवतं पोर. आईपाशी आल्यावरच रडतं."

शिगेकि वेल ओढायचा थांबला. काय बोलावं याचा त्याने विचार केला असावा, पण खोटं बोलायची त्याला सवय नाही.

"तसं नव्हतं ते," तो म्हणाला. "सगळी मुलं आपापल्या होडीवर गेली की काकू इथे एकटी राहायची. इतक्या मोठ्या घरात. तिला रात्री भीती वाटत असेल, असं वाटायचं मला. लहान होतो ना. परत कधी जाऊ असं व्हायचं."

तोकिए पायरीवरचा पाला हाताने बाजूला सारू लागली. खालून कुणाच्या तरी अंगणातल्या शेंगा भाजल्याचा वास येत होता. शिगेकिच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं. तो घाईने म्हणाला, "होडीतला भात आवडायचा मला. तो आठवतो."

"ओसाकाच्या लोकांना घर द्यायचं का, असं बाबा विचारतात," ती म्हणाली. खरा प्रश्न, दोन दिवस जपलेला, तिने याच्यातच घातला. "तू निवृत्त झाल्यावर राहणार असशील तर नाही देत. आम्हीही वर येऊ मग."

शिगेकि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तुमचं घर आहे, आई."

"तुझ्यासाठी बांधलं होतं."

"माहीत आहे." तो बराच वेळ हातावरची माती चोळत राहिला. "काल रात्री संडासाला उठलो आणि मला दिवा सापडेना. भिंत चाचपत फिरलो. इथे डोळे मिटून जाईन अजून. राग मानू नकोस."

"राग कसला?"

"तुम्ही दोघं कुरेला या. खोली आहे आमच्याकडे."

"बाबांना झोप येणार नाही," तोकिए म्हणाली. मग ती उठली आणि दाराच्या डाव्या बाजूचे वेल ओढू लागली. तिकडचं त्याचं राहिलं होतं. दोघांनी मिळून दार मोकळं केलं. बोलणं झालं ते विळ्याला धार नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने तो गेला. निघताना नीट वाकून म्हणाला, "दोन दिवस खूप त्रास दिला."

तोकिए होडीत उतरली तेव्हा इवाओ केबिनच्या दारात बसून गळाची दोरी उगाच गुंडाळत होता.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

इवाओने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "मग ठीक आहे. त्याचं कामधाम, बायको तिकडे."

"आपल्यातल्या एकाने बेटावर राहायला हवं होतं."

"आणि सुकाणू कुणी धरलं असतं? मी गळ टाकणार का होडी धरणार?"

हे उत्तर ती दोघं आयुष्यभर एकमेकांना देत आली होती, कधी हा, कधी ती. तोकिएने दर वेळी ते मान्य केलं होतं.

"मासुओने सुकाणूला माणूस ठेवला होता," ती म्हणाली.

"म्हणून त्याचं घर बघ केवढंसं आहे."

"बघते ना. रोज समोर दिसतं."

इवाओने दोरी बाजूला ठेवली. मासुओच्या घरात नातवंडं भांडत होती आणि कुणीतरी त्यांना ओरडत होतं. तो उठायला गेला, डोकं वर लागलं, परत बसला.

"तेव्हा म्हणाली असतीस तर," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं असतंत तर."

फेरीबोट गेली, होडी हलली, भांडी किणकिणली. मग तोकिएने फोन घेतला आणि ओकुबोचा नंबर लावला. इवाओ चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिला.

"मी तोकिए बोलतेय. त्या ओसाकाच्या लोकांना हो म्हणून सांगा."

ओकुबोला आनंद झाला असावा. त्याचा आवाज केबिनभर ऐकू येत होता. कागदपत्रं तो बघेल, काळजी नको. फक्त एक विचारायचं होतं, आजी. घर रिकामं कधी करून द्याल?

"रिकामंच आहे," तोकिए म्हणाली. "गाद्या तेवढ्या आहेत. त्या आम्ही उद्या खाली आणतो."